टोपीकर, वतनदार आणि साष्टी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांना आज आपण उपनगरे म्हणतो. अठराव्या शतकात ती साष्टी बेटावरची गावे होती. 1737 पर्यंत त्यांचा सारा पोर्तुगीज घेत. पुढची सदतीस वर्षे तो पेशव्यांकडे गेला. 1774 च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला चढून घेतला आणि ती वसुली मुंबईच्या कोटात जाऊ लागली, ती कायमची. मराठी राज्याने इंग्रजांच्या हाती कायमचा घालवलेला पहिला मोठा मुलूख म्हणजे आजच्या लोकल गाड्यांचा हा पट्टा.

हे घडण्याच्या एकोणसाठ वर्षे आधी, 1715 मध्ये, असे घडू नये म्हणून काय करावे हे मराठीत लिहून ठेवलेले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे ते ‘आज्ञापत्र’. त्यातला टोपीकरांविषयीचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयीचा, मजकूर आज भाषणांतून, अग्रलेखांतून आणि मोबाइलवरून फिरतो. ‘पाहा, आपल्या माणसाने इंग्रजांना केव्हाच ओळखले होते’ एवढाच त्याचा उपयोग होतो. ओळखले होते हे खरेच. मग साष्टी गेली कशी? या प्रश्नाचे उत्तरही आज्ञापत्रात आहे, पण ते टोपीकरांच्या परिच्छेदात नाही.

आधी माणूस पाहू. रामचंद्र नीलकंठ हे निळो सोनदेवांचे पुत्र. 1657 मध्ये कल्याण घेणारे आबाजी सोनदेव याच घराण्यातले, म्हणजे मुंबईच्या पाठीमागची खाडी आणि तिथली बंदरे या कुटुंबाला ऐकून नव्हे, पाहून माहीत होती. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तेव्हा रामचंद्रपंत पंचविशीच्या आतबाहेर होते आणि अष्टप्रधानांत अमात्य होते. संभाजी महाराजांच्या वधानंतर 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले आणि महाराष्ट्रातला सगळा कारभार ‘हुकूमतपनाह’ म्हणून पंतांवर येऊन पडला. गादी सातशे-आठशे किलोमीटर दूर, रायगड गेलेला, खुद्द औरंगजेब दख्खनेत तळ देऊन बसलेला. अशा वेळी शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांना एका सूत्रात ठेवून राज्य जिवंत ठेवणे हे पंतांचे काम होते. राजाराम महाराजांनंतर ते ताराबाईंच्या पक्षात राहिले. 1714 मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. त्यात पंतांचा हात होता असे मानले जाते. याच संभाजी छत्रपतींच्या नावे पुढच्या वर्षी आज्ञापत्र निघाले. त्यानंतर वर्षभरातच पंत वारले.

आज्ञापत्राचे कर्तृत्व आणि काळ यांविषयी अभ्यासकांत वाद झाले आहेत. परंपरेने ते पंतांचे मानले जाते, आणि आतला अनुभव अशा माणसाचा आहे ज्याने किल्ला लढवला आहे, खजिना रिकामा पाहिला आहे आणि फितूर झालेल्यांशी बोलणी केली आहेत. नुसत्या शास्त्रीपंडिताला आंब्याफणसाची झाडे आरमारासाठी तोडू नयेत हे सुचले नसते. ती झाडे एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा सागवानासारखी दुसरी झाडे घ्यावीत आणि तीही परवानगीने, असे पंत सांगतात. राजनीतीच्या ग्रंथात हा तपशील येतो तेव्हा लिहिणाऱ्याची बैठक कळते.

ग्रंथ छोटा आहे. आधी शिवछत्रपतींनी राज्य कसे उभे केले याचे स्मरण, मग राजाची कर्तव्ये, प्रधान, साहुकार, वतनदार, इनाम-वृत्ती, दुर्ग आणि शेवटी आरमार. या क्रमातच पंतांची स्वातंत्र्याची व्याख्या आहे. राज्याभिषेक, छत्र, शिक्का यांचे महत्त्व त्यांना आहे. पण राज्य स्वतंत्र आहे की नाही हे त्यांच्या लेखी चार गोष्टींवरून ठरते. किल्ला कोणाच्या हाती आहे, समुद्रावर जहाज कोणाचे चालते, वसुली मधे कोण अडवतो, आणि परका व्यापारी कोणाच्या अटीवर वखार घालतो. उघडा मुलूख शत्रू आला की उजाड होतो, पण गड हातात असले तर गेलेला मुलूख परत मिळतो, हा तर त्यांच्या स्वतःच्या तारुण्याचा इतिहास होता. म्हणून गडाचा अधिकारही एका माणसाकडे एकवटू द्यायचा नाही. हवालदार, सबनीस, कारखानीस यांत तो वाटलेला हवा.

टोपीकरांचा विषय येतो साहुकारांच्या प्रकरणात, आणि जागाच बरेच काही सांगते. साहुकार म्हणजे राज्याची शोभा. परमुलखातून त्यांना बोलावून आणावे, पेठा वसवाव्यात, त्यांचा मान ठेवावा, त्यांच्यामुळे न मिळणाऱ्या वस्तू मिळतात आणि अडीअडचणीला कर्जही मिळते. एवढे मोकळेपणाने सांगून झाल्यावर पंत थांबतात आणि म्हणतात की फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फ्रान्सिस, डिंगमार हेही व्यापारच करतात, पण त्यांना या पंगतीत बसवू नये. कारण यांच्या प्रत्येकामागे एकेक राजा आहे. ते त्याच्या हुकमाने येतात, जमिनीचा त्यांना लोभ आहे, आणि हाती आलेली जागा ते जिवावर बेतले तरी सोडत नाहीत. खाजगी व्यापारी आणि राज्याचा पाठिंबा असलेली कंपनी यांतला हा फरक सतराव्या-अठराव्या शतकातल्या फार थोड्या दरबारांनी इतका स्वच्छ मांडला आहे.

उपायही नेमका आहे. त्यांचे येणेजाणे व्यापारापुरते ठेवावे. आरमारी दुर्गांच्या आसपास त्यांना फिरकू देऊ नये. वखारीला जागा द्यावीच लागली तर खाडीच्या मुखाशी किंवा समुद्रकाठी देऊ नये, कारण त्यांचे बळ आरमारात, तोफांत आणि दारूगोळ्यात आहे; पाठीशी जहाज उभे करून ते किल्ला बांधतात आणि तेवढा मुलूख गेला असे समजावे. राजापूरला फ्रेंचांची वखार होती तशी, समुद्रापासून चार-आठ कोस आत, मोठ्या गावांच्या मधे, सखल, नजरेत राहील अशी जागा द्यावी. इमारती पक्क्या बांधू देऊ नयेत. एवढ्यावर राहिले तर ठीक, नाही तर त्यांची गरज नाही.

राजापूरचे नाव उगाच आलेले नाही. 1660 मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकले असताना राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर लुटले, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकले. तरी 1674 मध्ये राज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा महाराजांनी त्याच्याशी तह केला. व्यापाराच्या सवलती दिल्या, राजापूरच्या नुकसानीचा विषयही मिटवला. मात्र किनाऱ्यावर फुटलेल्या इंग्रजी जहाजांचा माल परत देण्याची मागणी धुडकावली. पाच वर्षांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी उभी केली आणि इंग्रजांनी जंग जंग पछाडले तरी हलवली नाही. तह, व्यापार आणि तोंडावर तोफ, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू. आज्ञापत्रातले परराष्ट्रधोरण ही या व्यवहाराचीच मागाहून लिहिलेली नियमावली आहे.

जगात त्या काळी असा विचार करणारे पंत एकटे नव्हते. जपानच्या शोगुनांनी 1641 पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर कोंडले होते. चीनने 1757 मध्ये पाश्चात्त्यांचा सारा व्यापार कँटन या एका बंदरावर आणला, तोही हंगामापुरता. तुलना करताना एक फरक नजरेत भरतो. जपान आणि चीन परक्याला पाण्याच्या कडेला ठेवतात, पंत त्याला पाण्यापासून दूर नेतात. टोपीकराचे बळ जहाजात आहे हे ओळखले की त्याला जहाजापासून तोडणे हाच तर्क. पण जपान्यांकडे देशभर एक हुकूम होता. पंतांकडे 1715 मध्ये काय होते? पन्हाळ्याची एक गादी, साताऱ्याची दुसरी, आणि किनारा कान्होजी आंग्र्यांच्या हाती, जे 1713 मध्येच बाळाजी विश्वनाथांशी तह करून शाहू महाराजांना मिळाले होते. समुद्राबद्दलचे नियम लिहिणाऱ्या दरबाराकडे तो समुद्र पुरता नव्हताच.

शिवाय एक अडचण पंतांना दिसलेली नाही. मुंबईला हा नियम लावणार कसा? ती बेटे पोर्तुगालने 1661 च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला दिली होती आणि राजाने 1668 मध्ये सालाना दहा पौंड भाड्याने कंपनीला. मराठी राज्याने तिथे जागा द्यायचा किंवा नाकारायचा प्रश्नच नव्हता. पंतांचा टोपीकर परवानगी मागायला येतो. मुंबईचा इंग्रज आधीच खाडीच्या मुखाशी किल्ला घालून बसलेला होता.

मधे होती ती साष्टी. शीवच्या किल्ल्यावरून पलीकडे पाहिले की परमुलूख दिसायचा, माहीमची खाडी ही सरहद्द होती. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे पडले, 1739 च्या फेब्रुवारीत वर्सोवा पडला, मे महिन्यात वसई. मराठे माहीमच्या खाडीवर येऊन ठेपले तशी मुंबईची झोप उडाली. वांद्र्याचा पोर्तुगीज कोट मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या आग्रहाने उडवून देण्यात आला. कॅप्टन इंचबर्ड वसईला येऊन जुलैमध्ये तह करून गेला आणि कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे साताऱ्यास गेला. या क्षणी पंतांचे धोरण प्रत्यक्षात येण्याच्या सर्वांत जवळ होते. एक टोपीकर उत्तर कोकणातून हुसकलेला, दुसरा सात बेटांत कोंडलेला, त्याच्या समोरचा सारा किनारा मराठ्यांचा.

मग 1756 उजाडले. नानासाहेब पेशव्यांना कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे डोईजड झाले होते. त्यांना मोडायला पेशव्यांनी इंग्रजांचे आरमार बोलावले. फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळाले आणि किल्ला इंग्रजांनी आपल्याच ताब्यात ठेवला. तो सोडवायला बाणकोट द्यावे लागले. आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे. ते अंग आपल्याच हाताने, परक्याच्या शस्त्राने कापले गेले. आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते ही गोष्ट खोटी नाही. पण एका बेबंद सरदाराला वठणीवर आणणे आणि किनाऱ्यावरची मोठी लढाऊ ताकद जाळणे यांतला फरक पुण्याला कळायला हवा होता. पानिपतावर बरेच लिहिले जाते. उपनगरांचा इतिहास लिहायचा तर विजयदुर्गाच्या त्या आगीपासून सुरुवात करावी लागेल.

साष्टी आणि वसई आपल्या ताब्यात यावीत ही मुंबईकर इंग्रजांची इच्छा जुनीच. 1767 मध्ये थॉमस मॉस्टिन माधवराव पेशव्यांकडे आला, 1772 मध्ये तो पुण्यात वकील म्हणून राहायलाच आला. दरबारात राहणारा वकील हा प्रकार आज्ञापत्राच्या नियमांत बसत नाही. वखार समुद्रापासून आठ कोस आत ठेवण्याचा नियम आहे, पण राजधानीत बसून घराघरांतले हेवेदावे टिपणाऱ्या माणसाला किती कोस दूर ठेवायचे हे पंतांनी लिहिलेले नाही. मॉस्टिन आला त्या वर्षीच्या नोव्हेंबरात माधवराव वारले. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी पेशवे झालेल्या नारायणरावांचा खून झाला. त्यांचे काका रघुनाथराव गादीसाठी इंग्रजांशी बोलणी करू लागले. साष्टी-वसईच्या मागणीवर घोडे अडले असतानाच पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची बातमी आली आणि इंग्रजांनी थांबायचे सोडून ठाण्यावर चाल केली. वर्सोवाही त्याच मोहिमेत घेतला. 6 मार्च 1775 रोजी सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी हे सारे कागदावर देऊन टाकले.

येथे मुद्दा येतो. साष्टी टोपीकरांच्या कपटाने गेली असे म्हणणे सोपे आहे. पण दार आतून उघडले होते, आणि दार आतून कसे उघडते हे पंतांनी वतनदारांच्या प्रकरणात लिहिले आहे. त्यांच्या मते देशमुख, देशकुलकर्णी, पाटील हे म्हणायला वतनदार, पण खरे तर लहान लहान राजेच. आहे त्यात त्यांचे समाधान नसते. दुबळ्या शेजाऱ्याचे बळकवावे, गढ्या बांधाव्यात, वाटसरू लुटावेत आणि परचक्र आले की आपले वतन राखण्यासाठी सर्वांआधी जाऊन शत्रूला भेटावे, मुलखाची बित्तंबातमी द्यावी, हा त्यांचा धर्म. त्यांना फार सैल सोडू नये आणि फार आवळूही नये. पोटाला द्यावे, बळ देऊ नये. रघुनाथराव वतनदार नव्हते, पेशवे घराण्यातले होते. पण हक्काच्या तंट्यात परक्याला आधी जाऊन भेटण्याची रीत तीच.

या प्रकरणाला एक कडू बाजू आहे. वतनांविरुद्ध इतके कडक लिहिणाऱ्या पंतांच्याच कारभारात वतने आणि इनामे वाटावी लागली. औरंगजेब मराठा सरदारांना मनसबी देत होता. त्यांना धरून ठेवायला राजारामांच्या सरकारला तेच करावे लागले. 1691 मध्ये घोरपड्यांना रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि दिल्लीसुद्धा जिंकण्याच्या बोलीवर लाखो होनांची आश्वासने दिली गेली. स्वतः पंतांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर वंशपरंपरेने राहिली. म्हणजे आज्ञापत्र हा निष्कलंक कारभाऱ्याचा उपदेश नाही. स्वातंत्र्य वाचवायला जे द्यावे लागले त्यानेच स्वातंत्र्य पुढे धोक्यात येईल, हे समजून चुकलेल्या म्हाताऱ्या मुत्सद्द्याचा तो इशारा आहे. मला तरी त्याची खरी किंमत इथेच वाटते.

सुरतेनंतरचा भाग पुण्याचे कारभारी नाना फडणवीस यांचा. नानांनी रघुनाथरावांना बाजूला ठेवले आणि टोपीकराला टोपीकर लावून पाहिला. कलकत्त्याच्या इंग्रजांनी सुरतेचा तह नाकारून 1 मार्च 1776 ला पुरंदरचा तह केला, तरी साष्टी सोडली नाही. 1777 मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला आणि नानांनी त्याचे जंगी स्वागत केले. त्याच सुमारास बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्ये फ्रेंचांकडून मदत मिळवत होता, आणि 1778 च्या फेब्रुवारीत ती तहानिशी मिळाली. फ्रेंच कार्ड दोघांनी खेळले. फ्रँकलिनच्या हाती आलेले कार्ड खरे होते: आरमार, सैन्य, पैसा. नानांच्या हाती आलेला माणूस दिखाऊ निघाला. त्याने इंग्रजांना घाबरवण्याचे काम मात्र पुरते केले.

1779 च्या जानेवारीत वडगावला इंग्रज कोंडले गेले आणि साष्टीसह सारे परत देण्याचे त्यांनी कबूल केले. मुंबई आणि कलकत्त्याने ते मानले नाही. 1780 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गोडार्डने वसई घेतली. 17 मे 1782 ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई परत, साष्टी इंग्रजांकडे, रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक. इंग्रजांशी लढत असलेला म्हैसूरचा हैदर अली मरेपर्यंत नानांनी मान्यता रोखून धरली, यावरून त्यांची नाराजी दिसते.

सालबाईतले एक कलम कमी चर्चिले जाते. पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी सोडून इतर कोणत्याही युरोपीय राष्ट्राला पेशव्यांनी आपल्या मुलखात वखारी घालू देऊ नयेत, असे ते कलम. वरवर पाहता हे पंतांचेच धोरण! पण पंतांचा नियम सर्व टोपीकरांना सारखा लागू होता आणि तो लावणारा आपला राजा होता. सालबाईत एक टोपीकर दुसऱ्यांना बाहेर ठेवण्यासाठी मराठ्यांना पहारेकरी नेमतो. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांच्या कवायती पलटणी पदरी घेतल्या आणि परराष्ट्रव्यवहार त्यांच्या स्वाधीन केला. त्याची पायवाट वीस वर्षे आधी पडली होती. जॉर्ज वॉशिंग्टनने 1796 च्या निरोपाच्या भाषणात परदेशांशी कायमच्या युत्या करू नका म्हणून सांगितले. त्याच्या देशाला तो सल्ला पाळायला अटलांटिक महासागर मिळाला होता. नानांना मिळाली होती माहीमची खाडी.

ज्या गादीच्या नावे आज्ञापत्र निघाले तिचे, म्हणजे पुढच्या कोल्हापूरच्या गादीचे, काय झाले, हेही सांगितले पाहिजे. 1765 मध्ये इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि नंतर पैशाच्या अटींवर परत केला. 1812 मध्ये कोल्हापूरने मालवणचे बंदर इंग्रजांना देऊन टाकले. कोल्हापूरला आज्ञापत्र माहीत नव्हते असे कोण म्हणेल?

आता अभ्यासकांकडे वळू. 1929 मध्ये श्री. व्यं. पुणतांबेकरांनी आज्ञापत्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि भारतीय राजनीतिशास्त्राचा ग्रंथ म्हणून त्याची दखल देशभर घेतली गेली. स्वातंत्र्यचळवळीच्या त्या काळात टोपीकरांचा परिच्छेद डोळ्यांत भरणे साहजिक होते, आणि तीच सवय पुढे टिकली. आंद्रे विंक या डच इतिहासकाराने 1986 च्या ग्रंथात वतनदारांचे प्रकरण मध्यावर आणले. त्याच्या मते फितूर हा केवळ विश्वासघात नव्हता. प्रतिस्पर्ध्याचे लोक आपल्याकडे वळवणे ही त्या काळी राज्य वाढवण्याची सर्वमान्य पद्धत होती आणि मराठी राज्यही तिच्यावरच वाढले. हे मान्य केले तर पंतांची तक्रार जरा वेगळी दिसते. ज्या खेळाने राज्य उभे राहिले तोच खेळ आता बंद करावा, असे ते म्हणतात. विंकचे म्हणणे मला बरेचसे पटते, पण एका जागी अडते. मोगल आणि मराठे एकमेकांचे वतनदार फोडत तेव्हा वतन राहायचे, धनी बदलायचा. साष्टी घेणाऱ्या कंपनीने खेळाचा पटच आपल्या मालकीचा केला. पंतांना हा फरक अंधुकसा कळला होता. वतनदार आणि टोपीकर ही दोन प्रकरणे त्यांनी एकमेकांना जोडली मात्र नाहीत. ते काम रघुनाथरावांनी केले.

साष्टीचे पुढचे थोडक्यात सांगता येते. शीव आणि कुर्ला यांच्यामधला बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला, 1845 मध्ये माहीम-वांद्रे रस्ता झाला, 1853 मध्ये ठाण्याला रेल्वे गेली. ठाण्याच्या किल्ल्यात आज तुरुंग आहे. वांद्र्याच्या कोटावर संध्याकाळी गर्दी असते, आणि मढ-वर्सोव्याच्या किल्ल्याकडे फारसे कोणी फिरकत नाही.

आज्ञापत्र बाजारात मिळते, टिपांसह छापलेल्या आवृत्त्या आहेत आणि एका सुट्टीच्या दिवशी वाचून होईल एवढेच ते आहे. उपनगरातल्या वाचनालयांनी ते मागवावे, शाळांनी त्यातले उतारे लावावेत. वाचणाऱ्याला एकच विनंती: टोपीकरांचा परिच्छेद तुम्ही आधीच ऐकलेला आहे, तेव्हा सुरुवात वतनदारांच्या प्रकरणापासून करा.